चांदीचे दोन पाय

स्टमाटा हे काही नाव नव्हे, तो हुकूम आहे. तीन मुलींच्या पाठीवर चौथीही मुलगीच झाली, की आमच्याकडचा बाप वैतागून तिचं नाव स्टमाटा ठेवतो. म्हणजे ‘थांबव आता, पुरे’. देव ऐकतो म्हणे. अनाग्नोस्टिसचं ऐकलं खरं. चौथीनंतर त्याच्या घरात मुलगी झाली नाही. मुलगाही झाला नाही. मग तो मरेपर्यंत ह्या पोरीकडे बघून उसासे टाकत बसला, जशी काही तिनेच येऊन दार लावून घेतलं होतं.

मी गारुफालिया. तिच्या शेजारची. आमच्या दोघींच्या अंगणांत कमरेएवढी भिंत, आणि तिच्या बाजूला एक लिंबाचं झाड. बुंधा तिचा आणि अर्ध्या फांद्या माझ्याकडे. लिंबं कुणाची ह्यावर आम्ही सव्वीस वर्षं भांडलो. माझ्याहून ती अकरा वर्षांनी मोठी, पण मी तिला अगं-तुगंच करायचे, आणि ती मला ‘गारुफो’ म्हणायची. तिच्याबद्दल सांगायचं तर मलाच सांगायला हवं, कारण तिचं वाटोळं केलं ते मी. उगाच दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

चौघींचा हुंडा वाटला तेव्हा थोरल्या तिघींना, मारिगो, व्हासिलो आणि लेमोनियाला, ऑलिव्हच्या बागा आणि टेकडीवरचं घर मिळालं. चौथीला काय, तर बंदरावरची जाळी ठेवायची कोठी. खारा वारा, भिंतींना लोणा, आणि दारात झाऊची तीन झाडं. समुद्रकाठची जमीन तेव्हा कुणी फुकटसुद्धा घेत नव्हतं. तिथे धड कांदा उगवत नाही. असल्या हुंड्यावर कोण लग्न करणार? मारिगो आणि व्हासिलो लग्न करून मेलबर्नला गेल्या, लेमोनिया पिरेयसला. स्टमाटा आईबापांचं करत राहिली आणि लोकांची जाळी शिवत राहिली. शाळेतही कुणी घातलं नाही. चौथीला शाळा कशाला?

आणि मग गंमत बघा. रस्ता झाला, अथेन्सहून बस यायला लागली, आणि परदेशी माणसं नेमकी ह्या खाऱ्या वाऱ्यात बसायला यायला लागली. टेकडीवरच्या घराला कुणी विचारेना. स्टमाटाने कोठीला चुना मारला, आत भिंती घातल्या, तीन खोल्या केल्या. मेलबर्नहून मेव्हण्यांची पत्रं आली, की ती कोठी खरं तर सगळ्यांची होती. तिने मला ती पत्रं वाचायला लावली आणि म्हणाली, “परत एकदा वाच.” मी परत वाचली. अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तिला इतकं हसताना मी नंतर फारसं पाहिलं नाही.

तेव्हा मी नुकतीच स्वीडनहून परत आले होते. मी आणि नवरा तिथे अकरा वर्षं कारखान्यात बेअरिंगं मोजत होतो. नवरा आल्यावर दोन वर्षांत गेला, मुलगा तिथेच राहिला. मला एक भाषा आली आणि दोन दुखरे गुडघे. भाषा गावात कुणाच्या उपयोगाची नव्हती, तोर्स्टेन येईपर्यंत.

तो आला तो पवित्र क्रुसाच्या सणाला, चौदा सप्टेंबरला. आमच्या खलाशांची म्हण आहे, ‘क्रूस आला, शीड गुंडाळ, होडी बांध.’ पाहुणे संपतात, समुद्र रिकामा होतो, गाव जरा श्वास घेतं. दुपारच्या बसमधून हा उतरला. पिठासारखा पांढरा, दारातून वाकून बाहेर पडावं लागलं इतका उंच. बाया नेहमीप्रमाणे तुटून पडल्या. “खोली! खोली! समुद्र दिसतो! खोली!” स्टमाटा कधी ओरडायची नाही. ती चर्चमधून आली होती, हातात सणाची तुळस, आणि सगळ्यांच्या मागे उभी होती. तो सगळ्यांना ओलांडून सरळ तिच्यापाशी गेला. पुढे मी त्याला विचारलं, का रे बाबा, हीच का? म्हणाला, “बाकीच्या ओरडत होत्या.”

तीन आठवडे राहिला. काय केलं म्हणाल, तर काही नाही. सकाळी पोहायचा. मग झाऊखाली खुर्ची टाकून, पाय पाण्यात सोडून बसायचा. पुस्तक पोटावर पालथं घालून झोपायचा. दुपारी दोन सार्डिन मासे, एक टोमॅटो, संध्याकाळी उझोचा, आमच्या बडीशेपेच्या दारूचा, एक पेला. गावाला बेचैनी आली. आमच्याकडे पुरुष बसतो तेव्हा निदान राजकारणावर तरी बोलतो. कॉफीच्या दुकानातून निरोप आला, “स्टमाटाला विचारा, तिचा पाहुणा आजारी आहे का?”

स्टमाटा म्हणाली, “थकलाय. थकलेल्याला थकू द्या.”

तो शाळेत सुतारकाम शिकवायचा. बायको वारली होती, एक मुलगी होती. हे सगळं माझ्याकडून दुभाषेगिरी करून घेऊन स्टमाटाने काढून घेतलं, आणि मग मला म्हणाली, “जा आता घरी, गारुफो.” बघा! काम झालं की वाटाड्या नको.

त्यानंतर तो दर सप्टेंबरला आला. चोवीस वर्षं. दोन नंबरची खोली. ऑगस्टात माझ्या घरी फोन करायचा, कारण टेलिफोनवर स्टमाटाशी बोलणार काय? दोघांत मिळून चाळीसेक शब्द. समुद्र, मासा, वारा, गरम, दमलो, बस, खा, उद्या. तेवढ्यात ते दोघं दिवसच्या दिवस काढायचे. तो तिच्या खिडक्या दुरुस्त करायचा, ती त्याच्या शर्टाची बटणं लावायची. मग दोघं झाऊखाली बसून शेंगा सोलायचे. त्याच्या लाकडी खडावा होत्या, त्यांच्याकडे घालतात तशा. अंगणात खट्-खट् खट्-खट् चालायचा. जाताना त्या खडावा आणि गवती टोपी पलंगाखाली ठेवून जायचा, म्हणजे परत आणायला नको. बस सुटली की स्टमाटा मागून रस्त्यावर तांब्याभर पाणी ओतायची, आमच्याकडे गेलेला माणूस सुखरूप यावा म्हणून ओततात तसं. इतर पाहुण्यांमागे तिने कधी थेंबही ओतला नाही.

एकदा मी सरळच विचारलं, “काय गं, तुझं काय आहे त्याच्याशी?”

“त्याचं माझ्याकडे येणं आहे,” ती म्हणाली.

“आणि?”

“आणि काय मेले? एवढं पुरत नाही?”

आता कागदांचं सांगते. चर्चमध्ये आम्ही नावांचे दोन कागद देतो. एक जिवंतांचा, त्यांच्या तब्येतीसाठी. एक मेलेल्यांचा, त्यांच्या शांतीसाठी. पाद्री आतमध्ये वेदीपाशी ती नावं वाचतो. एरवी मनातल्या मनात, पण मृतात्म्यांच्या शनिवारी मेलेल्यांचे कागद बाहेर, सगळ्यांसमोर. त्या दिवशी प्रत्येक घरातून गव्हाच्या घुगऱ्या येतात, साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे घातलेल्या. स्टमाटाला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिचे कागद मी लिहायचे. शनिवारी सकाळी ती भिंतीपाशी यायची, मी वही घेऊन बसायचे, आणि ती बाजाराची यादी सांगावी तशी नावं सांगायची.

वर्षं गेली तशी एक यादी वाढत गेली आणि एक आटत गेली. बाप, आई. मग मेलबर्नहून मारिगो. मग व्हासिलो. मग लेमोनिया. दर वेळी मी एक नाव ह्या कागदावरून त्या कागदावर न्यायचे. शेवटी जिवंतांच्या कागदावर दोनच नावं उरली. एक माझं. दुसरं त्याचं.

तोर्स्टेन हे नाव आमचे म्हातारे पाद्री पापा-सोटीरिस घेईनात. “हा कुठला संत? असला संत नाही. आणि तो आपल्या धर्माचा तरी आहे का?”

“संत नसेल,” स्टमाटा म्हणाली, “पण माणूस आहे. तब्येत माणसाला लागते, संताला नाही.”

पापा-सोटीरिस आठवडाभर फुगून बसले. मग तिनेच तोड काढली. आला कधी? क्रुसाच्या सणाला. मग नाव काय? स्टाव्हरोस, म्हणजे क्रुसाचा. झालं त्याचं बारसं, माझ्या भिंतीवर, माझ्या पेनाने. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता नव्हता, की आपण दर रविवारी ग्रीसमध्ये स्टाव्हरोस असतो.

फोन आला तो फेब्रुवारीत. बाईचा आवाज, स्वीडिशमध्ये. “मी इंगेला. तोर्स्टेनची मुलगी.” बाप जानेवारीत गेला, झोपेतच. त्याच्या वहीत हा नंबर होता, आणि पुढे ‘सप्टेंबर’ असं लिहिलेलं होतं. “तुम्ही कोण?” तिने विचारलं. “शेजारीण,” मी म्हटलं. “तिथे त्यांचं काही सामान आहे का?” मी म्हटलं, “एक टोपी आणि खडावा.” ती म्हणाली, “राहू द्या तिथेच.”

मी फोन ठेवला आणि भिंतीवरून पाहिलं. स्टमाटा उन्हात शाल पांघरून बसली होती. चार दिवसांपूर्वीच ती नाफ्पलियोच्या इस्पितळातून घरी आली होती, हृदयाचा झटका. डॉक्टरने मला बजावलं होतं, हिला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. मी स्वतःला म्हटलं, आज नको. जरा बरी होऊ दे. ईस्टरनंतर सांगू.

ईस्टर गेला. म्हटलं, आता सणासुदीचं कशाला. उन्हाळा आला. म्हटलं, पाहुणे आहेत, धावपळ आहे. कारणं काय, मागाल तेवढी मिळतात. खरं सांगू? मी भ्याले. तिचा चेहरा मला बघायचा नव्हता.

पण त्या माणसाचं मला वाईट वाटत होतं. त्यांच्याकडे तीन-तीन आठवडे प्रेत ठेवतात, मग गाणी म्हणून पुरतात, कॉफी आणि केक खातात, संपलं. चाळीसाव्या दिवसाचं कार्य नाही, घुगऱ्या नाहीत, नाव घेणारं कुणी नाही. आणि इथे मी त्याला दर आठवड्याला जिवंतांत लिहीत होते! मेलेल्या माणसासाठी तब्येत मागायची म्हणजे देवाला खोटं सांगायचं. ते माझ्याच्याने होईना. मग स्टमाटा म्हणायची, “जिवंतांत लिही, स्टाव्हरोस, गारुफालिया,” आणि मी जिवंतांत एकटी गारुफालिया लिहायचे. त्याला दुसऱ्या कागदावर टाकायचे, लेमोनियाच्या खाली. तिला कुठे वाचता येत होतं? आणि पापा-सोटीरिसच्या तोंडात दात नव्हते. ते नावं वाचायचे म्हणजे बाटलीत माशी अडकल्यासारखं वाटायचं. माझी झाकली मूठ होती.

ऑगस्ट आला. स्टमाटाने दोन नंबरची गादी उन्हात घातली आणि भिंतीपाशी आली. “फोन आला का त्याचा?”

मला त्या क्षणी नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणायचं आणि सांगून टाकायचं. पण मी जिन्यावरून उतरत होते, गुडघे ठणकत होते, आणि जे दुखत होतं तेच तोंडात आलं. “आला होता. गुडघे दुखतात त्याचे. डॉक्टर विमानात बसू देत नाहीत.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“पुढच्या वर्षी येईल?”

“येईल की.”

तिने गादी परत आत नेली. चौदा सप्टेंबरला तरीही तुळस घेऊन झाऊखाली बसली, दुपारची बस येऊन जाईपर्यंत. डॉक्टरांवर तिचा विश्वास नव्हता. डॉक्टर काहीही म्हणोत, हा माणूस एखाद्या दिवशी बसमधून वाकून उतरेल असं तिला वाटत असावं. मी पडद्याआडून बघत होते आणि माझी मलाच शरम वाटत होती.

पुढच्या महिन्यात मी माझ्या गुडघ्यांसाठी नाफ्पलियोला निघाले. स्टमाटा भिंतीपाशी आली आणि रुमालात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. आईची कर्णफुलं होती. “चांदीवाल्याकडे जा,” म्हणाली. “ही दे आणि चांदीचे दोन पाय आण. संत निकोलासला नवस बोललेय मी.”

“कुणाच्या पायांसाठी?” हे मी का विचारलं ते देवालाच ठाऊक.

“कुणाच्या म्हणजे? तूच सांगितलंस ना दोन्ही दुखतात म्हणून!”

मी गेले. काय करणार? चांदीवाल्याने डबा उघडला. पत्र्यासारखे चांदीचे डोळे, हात, बाळं, हृदयं. “उजवा की डावा?” त्याने विचारलं.

“दोन्ही.”

“फार दुखतात वाटतं तुमचे?”

“हो,” मी म्हटलं. बसमध्ये ती पुडी मांडीवर घेऊन बसले होते. मेलेल्या माणसाचे पाय मी माझ्या मांडीवर घेऊन येत होते, आणि शेजारची बाई मला अंजिराच्या जॅमची कृती सांगत होती. दुसऱ्या दिवशी स्टमाटाने ते पाय निळ्या फितीत ओवून संत निकोलासच्या तसबिरीवर टांगले आणि मला म्हणाली, “आता बघ, वर्षभरात टुणटुणीत होतो की नाही.”

पुढचा ऑगस्ट. “फोन आला का?” “आला. अजून बरे नाहीत.”  ती संत निकोलाससमोर जाऊन उभी राहिली आणि त्याला चारचौघांत सुनावलं, “चांदी घेतलीस ना? मग काम कर की!”

त्या हिवाळ्यात पापा-सोटीरिस थकले आणि मुलीकडे राहायला गेले. त्यांच्या जागी पापा-फोटिस आले, तरुण, दाढी अजून काळी. भला माणूस. पण भल्या माणसांना सुधारणा करायची हौस असते. मृतात्म्यांच्या शनिवारी आम्ही घुगऱ्यांची ताटं घेऊन चर्चमध्ये गेलो, तर वेदीच्या दारापाशी मायक्रोफोन, खांबांवर दोन कर्णे, आणि पापा-फोटिस म्हणतायत, “म्हाताऱ्या माणसांना मागे ऐकू येत नाही ना, म्हणून लावलाय.”

 कागद दिलेले होते. सगळ्यांचे कागद एका टोपलीत, टोपली आत. जाऊन काढून आणावा तर बाईमाणसाला तिथे पाऊल टाकता येत नाही. मी जागीच उभी राहिले. म्हटलं, एवढ्या नावांत एक नाव, तिचं लक्ष कुठे असणार. कुणाचा कागद कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसतं.

पापा-फोटिस एकेक कागद घेत होते. एकेक नाव स्वच्छ, मोकळं. गावातल्या सगळ्या मेलेल्यांना कुणी हाक मारून उठवावं तसं वाटत होतं. मग आला तो. “अनाग्नोस्टिस. कालिरोई. मारिगो. व्हासिलो. लेमोनिया.” माझ्या शेजारी स्टमाटा दरेक नावाला क्रुसाची खूण करत होती. लेमोनिया झाल्यावर तिने मेणबत्ती खाली घेतली, कारण तिची यादी संपली होती.

“स्टाव्हरोस,” कर्ण्यातून आवाज आला.

तिने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मेणबत्ती हातात वाकडी झाली आणि मेण तिच्या मनगटावर गळत राहिलं. तिने ते पुसलं नाही. थोड्या वेळाने हात वर गेला आणि त्या नावासाठीही तिने खूण केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिला सगळं कळलं आहे, मी सांगायचं काही राहिलेलं नाही.

बाहेर अंगणात घुगऱ्या वाटतात. घेणारा म्हणतो, ‘देव त्यांना क्षमा करो.’ स्टमाटा ताट घेऊन माझ्यासमोर आली. चमचा भरला, पण माझ्या हातावर ठेवला नाही.

“कधी?”

“दोन वर्षं झाली. जानेवारीत. झोपेतच गेला म्हणे.”

“आणि ऑगस्टातले फोन?”

“नव्हते आले.”

“गुडघे?”

“माझे,” मी म्हटलं. “माझे दुखत होते, तेच तोंडात आलं. स्टमाटा, तू इस्पितळातून आली होतीस गं, डॉक्टर म्हणाले होते...”

“त्याचा चाळीसावा कुणी केला?”

“मी. घरात. वाटीभर गहू शिजवले.”

“कुणी खाल्ले?”

“मीच खाल्ले.”

 मला वाटलं आता ओरडेल, ताट फेकेल. फेकलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “ते माझं काम होतं, गारुफो.” मग तिने माझ्या हातावर घुगऱ्या ठेवल्या. “म्हण. नाव घेऊन म्हण.”

“देव स्टाव्हरोसला क्षमा करो,” मी म्हटलं.

“त्याचं खरं नाव.”

“देव तोर्स्टेनला क्षमा करो.”

तिने मान हलवली आणि पुढच्या बाईकडे गेली. तेच आमचं शेवटचं बोलणं.

त्यानंतर ती माझ्या भिंतीपाशी आली नाही. शनिवारी सकाळी मी वही घेऊन बसायचे, वेड्यासारखी. कागद लिहायला ती बेकरीतल्या थेओनीकडे जायला लागली. काळे कपडे तर ती बहिणींपासून घालतच होती. त्यामुळे ती आता कुणासाठी काळ्यात आहे हे गावाला कळलंही नाही. बदल एकच झाला. पलंगाखालच्या त्याच्या खडावा तिने काढल्या आणि पायात घातल्या. दोन बोटं मोठ्या होत होत्या. दिवसभर अंगणात खट्-खट्, खट्-खट्. मला ऐकवायला घालायची असं मला आधी वाटलं. मग वाटलं, नाही, तिला स्वतःलाच ऐकायच्या असतील.

मी लिंबं तोडून भिंतीवर ठेवायचे. ती उचलायची नाही. सडायची तिथेच. सव्वीस वर्षं ज्यांच्यावरून भांडलो ती लिंबं! मनात एकच गोष्ट घोळायची. जिवंतांच्या कागदावर माझं नाव अजून आहे का? थेओनीला विचारायचा धीर होईना. तिने नाव गाळलं असेल तर ते मला ऐकायचं नव्हतं. आणि गाळलं असेल तर तिचं काय चुकलं?

ऑगस्टात, पहिली द्राक्षं चर्चमध्ये नेतात त्या सणाच्या सकाळी, खट्-खट् ऐकू आली नाही. आठ वाजले. नऊ वाजले. मी गुडघ्यांची पर्वा न करता भिंत ओलांडली. ती दोन नंबरच्या खोलीत होती, त्याच्या पलंगावर, समुद्राकडे तोंड करून. खडावा खाली नीट जोडून ठेवलेल्या. मी आणि थेओनीने तिला वाईनने पुसून घेतलं, आमच्याकडे मेलेल्याला पुसतात तसं. मी सगळा वेळ तिच्याशी बोलत होते, शिव्या देत होते, माफी मागत होते. समुद्रात बुडालेल्या माणसाला हाका माराव्यात तसं. ऐकणारं कुणी नव्हतं.

चाळीसाव्याच्या घुगऱ्या मी शिजवल्या. आता ते माझं काम होतं. दुसरं होतं कोण? सप्टेंबरातला रविवार होता. विधी झाल्यावर मी चर्चच्या पायरीवर बसले होते, ताट मांडीवर घेऊन. थेओनी येऊन शेजारी बसली.

“मावशी, एक सांगायचं राहिलंय,” ती म्हणाली. “स्टमाटामावशी कागद लिहायला यायची ना माझ्याकडे. जिवंतांच्या कागदावर एकच नाव सांगायची.”

मी ताट बाजूला ठेवलं.

“तुमचं. दर आठवड्याला. मी एकदा म्हटलं, मावशी, तुम्ही तर बोलत नाही तिच्याशी. तर मलाच झापलं. म्हणाली, बोलत नाही ते माझं आणि तिचं आहे, देवाला त्यात कशाला ओढतेस?”

 थेओनीने माझ्या ताटातला बदाम उचलून तोंडात टाकला.

“आणि मे महिन्यात मला घेऊन पापा-फोटिसकडे गेली. संत निकोलासवर ते चांदीचे पाय आहेत ना? म्हणाली, बाबा, ज्याच्यासाठी टांगले होते त्याला आता चालायचं नाही. ते गारुफालियाच्या नावावर करा. तिचे तरी खरेच दुखतात.”

मी त्या पायरीवर बसून रडले. पोरीबाळींसमोर, मोठमोठ्याने, नाक पुसायलाही रुमाल नव्हता. पाच महिने मी भिंतीच्या अलीकडे बसून तिच्या तोंडून एक शब्द यावा म्हणून वाट बघत होते. आणि ती पलीकडे खट्-खट् चालत माझ्या गुडघ्यांसाठी संताच्या मागे लागली होती. येऊन सांगितलं असतंस तर काय झालं असतं गं, स्टमाटा? पण मी कोणत्या तोंडाने विचारू. सांगायचं ते न सांगणं मीच तिला शिकवलं.

कोठी आता पिरेयसच्या भाच्याकडे आहे. त्याने झाऊ तोडली नाहीत, एवढे उपकार. खडावा मी मागून घेतल्या. माझ्या पलंगाखाली आहेत. शनिवारी मी माझे कागद लिहिते. मेलेल्यांत लेमोनियाच्या खाली तोर्स्टेन, आणि त्याच्या शेजारी ती. पापा-फोटिस ते नाव काही न विचारता मायक्रोफोनवर वाचतात. मग मी संत निकोलाससमोर जाते. निळ्या फितीतले पाय जरा काळवंडलेत, ते डोक्याच्या रुमालाने पुसते. शेजारी कुणीतरी नव्याने टांगलेले चांदीचे डोळे आहेत.

पापा-फोटिसने परवा विचारलं, “काय मावशी, गुण आला का नवसाला?”

“आला, बाबा,” मी म्हटलं.

खोटं बोलले. दोन्ही गुडघे तसेच दुखतात.